नॉयश्वानस्टाइनला बस किती वाजता पोचणार, हे कोणी सांगेना

जर्मनीतल्या म्युनिकहून एका दिवसात लिंडरहोफ राजवाडा, ओबरआमरगाऊ गाव आणि नॉयश्वानस्टाइन राजवाडा दाखवणारी बस सहल आई-वडिलांसाठी बुक करत असाल, तर आधी एकच गोष्ट तपासा: राजवाड्याचं प्रवेश तिकीट त्या पैशांत आहे का? अनेक सहलींत नसतं.

आमच्या सहलीत नव्हतं. पैसे भरल्यावर मेल आला आणि त्यात पार खाली लिहिलेलं, की राजवाड्याची तिकिटं प्रवाशांनी आपली आपण काढावीत. काढायला माझी ना नव्हती. पण नॉयश्वानस्टाइनच्या तिकिटावर वेळ छापलेली असते. आत फक्त गटाने सोडतात, फेरी साधारण अर्ध्या तासाची, आणि आपली वेळ हुकली की तिकीट बाद. मग बस तिथे किती वाजता पोचणार हे कळल्याशिवाय स्लॉट निवडायचा कसा? सहल कंपनीला मी एवढंच विचारलं आणि तिथेच घोडं अडलं.

पहिलं उत्तर आलं, "वेळ रहदारीवर अवलंबून आहे." मान्य, मग अंदाजे सांगा. "आम्ही हमी देऊ शकत नाही." अहो, हमी मागतंय कोण? फोन लावला तर बराच वेळ ताटकळल्यावर एकजण म्हणाला, गाइड बसमध्येच रोख पैसे घेऊन तिकिटं देतो. खात्रीसाठी पुन्हा फोन केला, तर दुसरी बाई म्हणाली, छे, ती पद्धत केव्हाच बंद झाली. डोक्यात तिडीकच गेली. ऑगस्टमधला शनिवार होता, आणि इकडे तिकिटांच्या अधिकृत संकेतस्थळावर दुपारचे स्लॉट डोळ्यांदेखत भरत चालले होते. आई सांगलीहून रोज विचारायची, "झालं का रे तिकिटाचं?" बाबा म्हणायचे, "नाही मिळालं तर बाहेरून बघू." ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, त्यांना मी राजवाडा बाहेरून दाखवून परत आणणार नव्हतो.

शेवटी प्रश्नच बदलला. पोचायची वेळ विचारणं सोडलं आणि मेल लिहिला: परतीची बस राजवाड्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाऊ गावातून किती वाजता सुटते, आणि तोवर प्रवाशांना किती वेळ मोकळा मिळतो? याचं उत्तर त्याच दिवशी आलं. साडेचारला सुटते, तीन तास मिळतात. म्हणजे पोचणार दीडच्या सुमारास! जे आठवडाभर सांगता येत नव्हतं ते असं एका ओळीत मिळालं. तुम्हीही असंच विचारा, आणि लेखी घ्या.

तोवर उरले होते दोनच स्लॉट, एक फार लवकरचा आणि एक चारच्या तोंडावरचा. दोन्ही बिनकामाचे. रात्री झोपण्याआधी पान पुन्हा उघडलं, तर दोन पन्नासच्या फेरीत तीन जागा मोकळ्या झालेल्या. तिकिटं हातात आली तेव्हा जीव भांड्यात पडला. काही तिकिटं त्या दिवशी खिडकीवरही मिळतात, पण ती खिडकी खाली गावात आहे, वर राजवाड्यात नाही.

पायी चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. बाबांच्या गुडघ्यांमुळे आम्ही घोडागाडी घेतली, तरी ती दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ चालावाच लागतो. शटल बस मारिएनब्रुक पुलाजवळ सोडते, तिथून राजवाड्यापर्यंत उतार आहे आणि दुखऱ्या गुडघ्यांना तो जास्त जड. आतही दीडशेहून जास्त पायऱ्या आहेत. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत.

बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने 1869 मध्ये नॉयश्वानस्टाइनचा पाया घातला, पण बांधकाम पुरं होण्याआधीच 1886 च्या जूनमध्ये तो गेला आणि 1 ऑगस्टला राजवाडा लोकांना खुला झाला. सिंहासनाच्या दालनात सिंहासन नाहीच, ते कधी बनलंच नाही. बाबा त्या रिकाम्या चौथऱ्यासमोर गट पुढे सरकला तरी उभे होते. आईला आवडलं स्वयंपाकघर. नळाला गरम पाणी, आणि चुलीच्या गरम हवेवर आपोआप फिरणाऱ्या भाजायच्या सळया! "आमच्या आजीच्या वेळी चुलीशी बसून डोळे गेले," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ त्या सळयांकडे बघत राहिली.

लिंडरहोफ आणि ओबरआमरगाऊच्या चित्रांनी रंगवलेल्या भिंती सुरळीत पार पडल्या. लिंडरहोफमध्ये खालच्या मजल्यावरून जेवणासकट वर येणारं टेबल चुकवू नका. त्या तिकिटाचं काय, हेही याच मेलमध्ये विचारून घ्या.