मनात काय होतं ते नको, घडलं काय ते लिहा

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत खोली बघायला गेलं की भाड्याचा आकडा कळायच्या आधी प्रश्न येतो, "गाव कुठलं?" पाठोपाठ "आडनाव काय?" एवढ्यानं अंदाज लागला नाही, तर आवाज जरा खाली आणून, "म्हणजे कुणापैकी?" विचारणाऱ्या काकू बहुतेक वेळा प्रेमळच असतात. पाणी देतात, चहा टाकतात. संध्याकाळी फोन येतो, "खोली भावाच्या पोराला द्यायची ठरली हो." आणि पुढचा आठवडाभर दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत असते.

या काकूंच्या मनात द्वेष होता का? मानसशास्त्र शिकणारे आणि वकिली करणारे, दोघेही या प्रश्नात अडकून पडतात. माझं मत असं, की हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा. पूर्वग्रह मनात असतो, भेदभाव कृतीत असतो, आणि या दोघांचं नातं आपण समजतो तेवढं सरळ नाही. अमेरिकेतल्या रिचर्ड लापिएर यांनी एका चिनी जोडप्याबरोबर देशभर प्रवास केला आणि १९३४ साली त्याचा लेख छापला. २५१ हॉटेलं आणि खाणावळींपैकी नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. नंतर त्याच मालकांना पत्रानं विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी "नाही" लिहिलं. तिथं बोलणं कडू आणि वागणं बरं होतं. आपल्याकडं नेमकं उलट दिसतं: बोलणं गोड, "आम्ही जातपात मानत नाही" हे वाक्य तयार, आणि खोली मात्र भावाच्या पोराला. म्हणून मुलाखतीत, पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात "तुमच्या मनात काय होतं?" विचारून हाती फार काही लागत नाही.

मन मोजायची यंत्रंही आहेत. १९९८ साली आलेली सुप्त कल मोजणारी संगणकावरची चाचणी सगळ्यात गाजली. शब्द आणि चेहरे किती झटपट जुळवता यावरून ती कल ठरवते. पण एकाच माणसानं ती पंधरा दिवसांनी पुन्हा दिली तर गुण बरेच बदलतात, आणि त्या गुणांवरून तो माणूस उद्या कसा वागेल हे फारसं सांगता येत नाही. कंपनीत एक दिवसाचं शिबिर घेऊन ही चाचणी देणं म्हणजे भेदभावावर उपाय झाला असं कुणी सांगत असेल, तर ते मानू नका.

जे मोजता येतं ते म्हणजे निर्णय. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली छापलेला अभ्यास प्रत्येक कारखानदारानं वाचावा असा आहे. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याचं गुणोत्तर ०.६७ भरलं, मुस्लिम नावाच्या अर्जाला ०.३३. अर्ज बाजूला सारणाऱ्या माणसांपैकी कितीजण मनातून द्वेष करणारे होते, हे त्या अभ्यासाला माहीत असण्याची गरजच पडली नाही.

आणि ज्याच्यावर हे बेततं त्याचं काय होतं? उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळजवळ सारखी. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातीतल्या मुलांचे सुटलेले भूलभुलैये कमी झाले. आता आपल्या शाळांत शिष्यवृत्तीचे फॉर्म कसे वाटतात ते आठवा. "अमुक अमुक जातीची मुलं उभी राहा." हे वर्गात करायचं नाही. घटक चाचणीच्या आठवड्यात तर अजिबात नाही. फॉर्म बंद पाकिटात घालून नावानिशी द्यायचा, परत घेताना ऑफिसच्या खिडकीवर घ्यायचा. वर्गशिक्षकाचा एक तास जास्त जाईल, तो जाऊ दे.

कायद्यानंही काही ठिकाणी मन तपासायचं सोडून दिलंय, हे फार लोकांना ठाऊक नसतं. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम १२ नुसार त्या कायद्याखालचा गुन्हा अनुसूचित जातीतल्या व्यक्तीबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणानंच घडला असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे आरोपीनं दाखवायचं. अॅट्रॉसिटी कायद्याचं, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धच्या १९८९ च्या कायद्याचं, कलम ८ सांगतं, की आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असंच धरायचं. आणि २०२१ च्या नितिशा निकालात सर्वोच्च न्यायालयानं अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केला. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांचं ते प्रकरण. नियम वरून सगळ्यांना सारखा दिसत होता, परिणाम मात्र बायकांवरच जास्त पडत होता. तिथं कुणाचा हेतू शोधत बसले नाहीत.

पण अॅट्रॉसिटी कायद्याच्या ज्या दोन पोटकलमांखाली भरपूर तक्रारी येतात, तिथं हेतू लागतो आणि जागाही लागते. कलम ३(१)(आर) म्हणजे अपमान करण्याच्या इराद्यानं जाणूनबुजून पाणउतारा किंवा धाकदपटशा, आणि ३(१)(एस) म्हणजे जातीच्या नावानं शिवीगाळ. दोन्ही 'लोकांच्या नजरेच्या टप्प्यात' घडलेलं हवं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. केस पडते ती बहुतेक वेळा इथंच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

फिर्यादीत "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढंच लिहिलेलं असतं. हे वाक्य पोलिसांचं असतं, फिर्याद देणाऱ्याचं नाही. शब्द कुठले? ते जसेच्या तसे, त्याच बोलीत लिहून घ्या, कितीही घाण असले तरी. लाजून गाळलेला शब्द पुढं जबाबात आला, की बचाव पक्ष त्याला नंतर सुचलेली भर म्हणतो. मग जागा. "घरासमोर" पुरेसं नाही. उंबऱ्याच्या आत की बाहेर, ओट्यावर की बोळात, रस्त्यावरून दिसतं का, ऐकू येतं का. २००८ च्या स्वरण सिंग निकालात इमारतीच्या फाटकाजवळची जागा लोकांच्या नजरेतली ठरली; २०२० च्या हितेश वर्मा निकालात घराच्या चार भिंतींतली जागा तशी ठरली नाही, कारण बाहेरचं कुणी तिथं असल्याचं पुढं आलं नव्हतं. साक्षीदार फक्त आपले पाहुणे-मित्र असतील तर मुद्दा लंगडा पडतो. समोरचा दुकानदार, दूधवाला, रिक्षावाला, कोण उभं होतं ते त्याच दिवशी लिहा. आणि हितेश वर्मा निकालातलाच दुसरा धडा: बांधाचं किंवा जागेचं भांडण आधीपासून असेल, तर अपमान जातीवरून होता हे दाखवणारे शब्द आणि प्रसंग वेगळे मांडावे लागतात. जमिनीचा वाद आणि जातीचा अपमान एकाच परिच्छेदात कालवले, की दुसरा पहिल्यात बुडतो.

फोनमध्ये रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, क्लिप कापून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश आकडा (बोटाच्या ठशासारखी त्या फाइलची खूण) लिहावा लागतो; कापलेल्या फाइलचा आकडा मूळ फाइलशी जुळत नाही.

ठाण्यात आधी चौकशी करू, मग बघू, असं सांगितलं तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १८-अ दाखवा: गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली, तर तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. कर्तव्य टाळणाऱ्या लोकसेवकासाठी त्याच कायद्याचं कलम ४ आहे, आणि त्या पावतीवाचून ते कागदावरच राहतं. त्या कायद्याखालच्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा आणि ६० दिवसांत संपवायचा. वरच्या दोन पोटकलमांसाठी एक लाख रुपयांचं अर्थसाहाय्य आहे. २५ टक्के एफआयआरला, ५० टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, २५ टक्के शिक्षा झाल्यावर. समाजकल्याण कार्यालयात जातीचा दाखला आणि बँक पासबुकाची प्रत लगेच नेऊन द्या, कारण पैसे अडतात ते बहुतेक याच दोन कागदांपायी.

गावाकडं मात्र शिवीपेक्षा वाळीत टाकणं जास्त चालतं. दळण घेत नाहीत, लग्नाला बोलावत नाहीत, बोललं तर दंड. त्यासाठी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. २०१६ चा, लागू झाला ३ जुलै २०१७ पासून; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो सगळ्या जाती-धर्मांना लागू आहे, जातपंचायतीविरुद्ध त्याच जातीतल्या माणसालाही वापरता येतो.

परत खोलीकडं. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये राहत्या जागेचा उल्लेख आहे, म्हणून दलित कुटुंबाला अस्पृश्यतेपोटी खोली नाकारणं हा गुन्हा होऊ शकतो. मुस्लिम कुटुंबाला खासगी घरमालकानं धर्मावरून नाकारलं, तर त्याला थेट लागू पडणारं फौजदारी कलम नाही. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांबद्दल बोलतं, खासगी भाडेकराराचं नाव घेत नाही. कायद्यातलं हे भोक मला फार खुपतं, आणि ते आहे हे मोकळेपणानं सांगायला हवं, नाहीतर लोक ठाण्यात जाऊन हात हलवत परत येतात.

निदान पुरावा तरी गोळा करता येतो. दोघांनी एकाच दिवशी, तासाभराच्या अंतरानं, त्याच नंबरवर फोन करायचा. नोकरी, पगार, घरातली माणसं सारखी सांगायची, वाक्यं लिहून ठेवून तीच बोलायची. फरक फक्त आडनावाचा. आधी कोण फोन करणार हे प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवा, नाहीतर "पहिल्याला दिली" हे कारण खरंच असू शकतं. दहा घरांत पाचजणांनी एकाला आणि तिघांनी दुसऱ्याला होकार दिला, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. तेवढा फरक योगायोगानंही पडतो. साठ-सत्तर घरं झाली की आकडे बोलायला लागतात.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपला किंवा गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखान्याला हे जास्त सोपं आहे, कारण तिथं निर्णय मालकाच्या हातात असतो. अर्ज आले की ऑफिसातल्या एकानं नाव, पत्ता, फोटो झाकून क्रमांक टाकावा. फिटर हवा असेल तर काय बघायचं ते अर्ज उघडण्याआधी ठरवा: ड्रॉइंग वाचता येतं का, व्हर्नियर बरोबर लावतो का, दिलेला तुकडा मापात काढतो का. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, तोच तुकडा, तीच वेळ. दोन परीक्षकांनी एकमेकांशी बोलायच्या आधी गुण लिहावेत. उलटं केलं की वयानं मोठा जे म्हणेल तेच दुसरा लिहितो. "आपल्यात मिसळणार नाही" हा शेरा दिसला तर त्याखाली कारण लिहायला लावा. लिहिता आलं नाही तर शेरा खोडा. आणि 'ओळखीतला पोरगा' ही पद्धत जितकी जुनी, तितकं कामगारांचं हजेरीपत्रक एकाच भावकीचं होतं. त्यात कुणाचा द्वेष नसतो, तरी दार बंदच असतं.

मनं बदलतात का? बदलतात, पण अटी आहेत. एकत्र येण्यानं पूर्वग्रह कमी व्हायला बरोबरीचा दर्जा, एकच उद्दिष्ट, परस्परांची मदत आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो, असं गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात १२६१ तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवून हे तपासलं. एकाच संघात खेळलेल्या वेगवेगळ्या जातींच्या पोरांत मैत्री वाढली. विरोधी संघ म्हणून भेटले त्यांच्यात उलट परिणाम दिसला. पेठेपेठेच्या तालमींत फुटबॉलवेड जपणाऱ्या कोल्हापूरनं यातला धडा घ्यावा. संघ निवडतानाच सरमिसळ करा, सामन्यानंतरच्या हस्तांदोलनावर विसंबू नका.

शाहू महाराजांना हे अनुभवातून उमगलं होतं. सगळ्या जातींसाठी म्हणून काढलेल्या पहिल्या वसतिगृहात ब्राह्मणेतर मुलं टिकली नाहीत, कारण एकत्र होती तरी बरोबरीची नव्हती. मग १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा दिल्या, आणि त्यासाठी अधिकाऱ्यांची मनं तयार व्हायची वाट बघितली नाही. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून महाराज चारचौघांत चहा प्यायचे, सोबतच्यांनाही द्यायचे. त्या लोकांचं मत एका कपानं बदललं नसेल. पण इथं चहा नाकारणं आता चालत नाही, हे सगळ्यांनी सगळ्यांसमोर पाहिलं, आणि माणूस स्वतःच्या मतापेक्षा इतरांना काय चालतं ते बघूनच जास्त वागतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. अॅट्रॉसिटीच्या विशेष न्यायालयानं जामीन दिला किंवा नाकारला, तर कलम १४-अ प्रमाणे उच्च न्यायालयात अपील होतं, निकालावरही होतं, आणि ते ९० दिवसांत करायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची ही अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच, कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर चालतात. मुंबईला जायचं कारण उरलेलं नाही. कलम १५-अ नुसार जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळायलाच हवी आणि त्याचं म्हणणं ऐकलं जायला हवं. ती नोटीस एफआयआरमधल्या पत्त्यावर जाते. प्रकरणानंतर बरीच कुटुंबं घर बदलतात, म्हणून नवा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर तपास अधिकाऱ्याला आणि विशेष सरकारी वकिलांना लेखी द्या, आणि पोच घ्या.