पातळ ऑइलची भीती

गेल्या डिसेंबरात सेकंडहँड गाडी घेतली. एक लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो (जादा हवा कोंबणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), ४१ हजार किलोमीटर चाललेली. मी राहतो नाशिकच्या इंदिरानगरला, कामाला अंबड एमआयडीसीत. शनिवारी-रविवारी निफाडला घरी. तिकडे थंडीत पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशाच एका पहाटे गाडी सुरू केली आणि बॉनेटखालून टिकटिक ऐकू आली. चार-पाच सेकंद, मग गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आधीच्या मालकाच्या बिलांत शेवटचं ऑइल निघालं २०डब्ल्यू-५०. ज्या गॅरेजात ते टाकलं होतं तिथेच गेलो. "बरोबरच आहे ना दादा! टर्बो तापतो, वर नाशिकचं ऊन. जाडच ऑइल पाहिजे. पातळ टाकलं तर पाण्यासारखं पळेल." घरी आण्णांनीही मान डोलावली. त्यांच्या ट्रॅक्टरला बावीस वर्षं १५डब्ल्यू-४० जातंय आणि इंजिन अजून खोललेलं नाही, हा त्यांचा एकच मुद्दा. त्याला उत्तर देणं अवघडच.

गाडीचं पुस्तक आधीच्या मालकाने हरवलं होतं. कंपनीच्या साइटवरून ते उतरवून घेतलं. त्यात सरळ ५डब्ल्यू-३० लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात एसीईए सी३, म्हणजे युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेला ऑइलचा एक दर्जा. पहिला आकडा कळत होता, दुसऱ्या ओळीने आठवडा खाल्ला.

डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची त्याहून कितीतरी कमी थंडीत. निफाडला पारा उणे ३० ला जाणार नाही हे मलाही कळतं. पण दोन्ही ऑइलच्या डेटा शीट शेजारी ठेवल्या तर ४० अंशांनासुद्धा २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून घट्ट दिसतं. मग पहाटे सात-आठ अंशांना काय होत असेल? पंप ते मधासारखं ओढत वर चढवतो, आणि तोवर वरचे भाग कोरडे टिकटिकतात. टर्बोचा दांडा तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि बहुतेक टर्बोत तो ऑइलच्या थरावरच तरंगतो. तिथे ऑइल उशिरा पोचणं परवडत नाही.

मागचा आकडा, ३०, हा १०० अंशांना ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. पण बेअरिंगमध्ये ऑइल त्याहून गरम होतं आणि चेपलंही जातं. त्यासाठी १५० अंशांवर वेगळी चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. साध्या ३० ग्रेडला तिथे किमान २.९ (मिलिपास्कल-सेकंद, हे घट्टपणाचं माप) पुरतं, सी३ लिहायचं तर ३.५ लागतं. गंमत म्हणजे ५डब्ल्यू-४० लाही किमान हद्द ३.५ च आहे. म्हणजे डब्यावर ३० दिसलं तरी गरम इंजिनात हे ऑइल लेचंपेचं नाही. मात्र दुकानात ५डब्ल्यू-३० मागितलं की कुठलाही डबा समोर येतो. मला पहिल्या दुकानात मिळाला तो एसीईएच्याच ए५/बी५ या दुसऱ्या दर्जाचा होता. त्यात हा आकडा ३.५ च्या आतच ठेवतात. डबा परत दिला, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

शिवाय डब्यावर एपीआय एसपी हा अमेरिकन दर्जाही पाहिला. छोट्या टर्बो इंजिनात वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर जोरात अॅक्सिलरेटर दाबला तर पेट्रोल ठिणगीआधीच पेटू शकतं आणि पिस्टन फुटण्यापर्यंत गोष्ट जाते. एसपीत त्याची चाचणी असते. हा दर्जा २०२० पासूनचा.

ऑइल बदलताना दुसराच उलगडा झाला. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्याही वर, आणि ऑइलला पेट्रोलचा वास! इंदिरानगर ते अंबड म्हणजे जेमतेम चार किलोमीटर. इंजिन धड तापायच्या आत ऑफिस येतं आणि न जळालेलं पेट्रोल खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे जाड ऑइलसुद्धा आतून पातळच होत होतं. पुस्तकात बदलायची मुदत १० हजार किलोमीटर आहे, मी ६ हजारांना बदलायचं ठरवलंय, आणि आठवड्यातून एकदा त्र्यंबकेश्वर रस्त्याला लांब चक्कर.

नवं ऑइल आणि फिल्टर टाकल्यापासून पहाटेची टिकटिक गेली. अॅव्हरेज मात्र फारसं वाढलं नाही, उगाच सांगणार नाही. कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो की मी एखादा मिनिट इंजिन चालू ठेवतो, नाहीतर गरम टर्बोत अडकलेलं ऑइल करपतं. आण्णा दरवेळी म्हणतात, "बंद कर की रे, पेट्रोल फुकट आहे का?"

डब्यात थोडं उरलं होतं. आण्णांनी विचारलं, "ट्रॅक्टरला चालेल का?" मी म्हटलं, "आधी त्याचं पुस्तक बघू." माळ्यावर, जुन्या पाटीखाली सापडलं. त्यात १५डब्ल्यू-४० च होतं. आण्णा दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पान दाखवत होते.