बीपी, कंबर आणि मशीनचा पट्टा: माझा अनुभव

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमधे माझं बीपी १५०/९६ आलं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. घरी सगळे म्हणाले टेन्शनने आलं असेल, डोंबिवलीहून फोर्टला रोज लोकलने जायचं म्हणजे कुणाचंही वाढेल. पण आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एका रीडिंगवर गोळी लिहिली नाही, आधी आठवडाभर घरी मोजून आणा म्हणाले, सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा.

आता हे मोजणं नीट सांगते कारण इथेच बऱ्याच जणांचं गडबडतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, मग खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा. माझा दंड ३४ सेंटीमीटर भरला आणि मशीनसोबत आलेला पट्टा ३२ पर्यंतचाच होता. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं, म्हणून मोठा पट्टा वेगळा मागवला. त्याने आकडे थोडे उतरले, पण सरासरी १४४/९२ च्या आसपासच राहिली, म्हणजे बीपी खरंच होतं.

मग डॉक्टरांनी वजनाबरोबर कंबरही मोजली. उंची १५८, वजन ६८, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २७. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांमधे कमी वजनातही पोटात चरबी जास्त साठते. बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०, माझी ९४ होती. त्यांनी समजावलं की पोटातली ही चरबी नुसती पडून नसते, तिच्यामुळे किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढवणारी हार्मोन्स वाढतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. घोरता का, दिवसा झोप येते का तेही विचारलं, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी गोळ्यांनाही नीट दाद देत नाही असं होऊ शकतं. माझं तसं काही नव्हतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शहरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३३ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्यात, खेड्यात साधारण २० टक्के. आमच्या सेक्शनमधे नजर टाकली तरी हे पटतं. दिवसभर खुर्ची, चार वाजता वडापाव नाहीतर फरसाण, घरी पोचेपर्यंत साडेआठ, चालायला ना वेळ ना फुटपाथ. यात एकट्या बाईच्या आळसाला दोष देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग टेल्मिसार्टन ४० ही बीपीची गोळी सुरू झाली. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या खाण्यातलं मिळून चहाचा एक सपाट चमचाही नाही, त्यामुळे लोणचं, पापड, ताकातलं मीठ बंद, आणि पावातही मीठ असतं म्हणून तोही कमी. वरणात लिंबू पिळून आणि कोथिंबीर घालून जेवण लागतं छान, पहिले काही दिवस सासूबाईंना अळणी वाटलं, आता त्याही तसंच खातात. रात्रीचं जेवण लवकर व्हावं म्हणून पोळ्या सकाळीच करून ठेवते आणि जेवल्यावर सोसायटीच्या गच्चीवर नवऱ्याबरोबर फेऱ्या मारते. वजन फार हळू उतरलं, मधे कितीतरी दिवस काटा हललाच नाही, पण कंबर मात्र तेव्हाही कमी होत होती, म्हणून टेप जवळ ठेवाच.

सहा किलो उतरल्यावर घरचं बीपी ११८/७६ च्या आसपास यायला लागलं आणि उठताना जरा गरगरायचं, ते सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस ४० वरून २० केला. स्वतःहून गोळी कमी करू नका, माझ्या ओळखीतल्या एकांनी बरं वाटतंय म्हणून सोडली आणि बीपी परत चढलं. आता रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम परत तपासायचंय, यावेळी नवऱ्यालाही सोबत नेणारे, त्याची कंबर ९८ भरलीये.