आधी अंथरूण, मग रॅस

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी रॅस, म्हणजे रंगीबेरंगी समुद्री मासे, घ्यायला गेलं की नजर रंगावर जाते आणि तिथंच गणित चुकतं. मी रंग शेवटी बघतो. आधी विचारतो, हा मासा रात्री झोपतो कुठं? हॅलिकोरेस, कोरिस आणि लेपर्ड रॅस अंधार पडायच्या आतच वाळूत डोकं खुपसून गडप होतात. फेअरी, फ्लॅशर आणि सिक्स-लाइन खडकाच्या कपारीत शिरतात आणि अंगाभोवती चिकट, पारदर्शक कोष करून त्यात झोपतात. वाळू किती, क्वारंटाइन (नव्या माशाला आधी वेगळ्या टाकीत ठेवणं) कसं, नवा मासा टाकीत कसा सोडायचा, हे सगळं यावरूनच ठरतं.

माझी टाकी ४ × २ × २ फुटांची. मापानं ४५० लिटर, पण वाळू-खडक वजा जाता पाणी ३८० लिटरच्या आसपास. औषध मोजताना हाच दुसरा आकडा धरायचा. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे टाकी फक्त माशांची आणि खडक कृत्रिम. हे खडक आधी थेट तळाच्या काचेवर मांडले, खाली पातळ प्लॅस्टिकची जाळी घालून, आणि वाळू नंतर टाकली. उलट केलं तर रॅस खडकाखालची वाळू उकरतो, खडक कलंडतो आणि मासा त्याखाली सापडतो.

वाळूचा दाणा ०.५ ते १.५ मिमी हवा आणि थर ६ ते ७ सेंमी. पूर्ण तळावर एवढा थर द्यायचा तर ६५ ते ७० किलो वाळू लागते. मी अर्ध्या भागात जाड थर आणि उरलेल्या भागात २ सेंमी दिला. ४५ किलोंत भागलं. प्रवाळाचा जाड चुरा नको, त्यावर घासून माशाच्या हनुवटीला जखमा होतात. किनाऱ्यावरची वाळूही नको: त्यात शिंपल्यांचे धारदार तुकडे असतात, आणि शहराजवळची असेल तर आणखी काय काय असेल ते विचारूच नका.

झाकणाशिवाय रॅस पाळूच नये. दुसऱ्या माशानं हाकललं किंवा दिवा एकदम गेला की तो सरळ वर झेप घेतो. काचेच्या झाकणानं उष्णता कोंडते, म्हणून खिडकीच्या ॲल्युमिनिअम चौकटीत ६ मिमी भोकांची नायलॉनची जाळी बसवून घेतली. धातूची मच्छरजाळी खाऱ्या पाण्यानं थोड्याच दिवसांत खराब होते. पाइपासाठी कापलेला कोपरा नीट बघा, दीड सेंटीमीटरची फट लहान रॅसला पुरते. वीज जाण्याची शक्यता धरून खोलीतला एक बारीक दिवा आणि टाकीतला एक पंप इन्व्हर्टरवर ठेवला आहे.

तापमान २५ ते २७ अंश. जाळीवरून पंखा सोडला की पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबई-कोकणात हवाच दमट, बाष्पीभवन कमी, तिथं पंख्याचा फारसा उपयोग नाही. चिलरचा खर्च आधीच धरावा. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या आरओ पाण्यानं करायची, खाऱ्या नाही.

आता मासा. सुरुवातीला हॅलिकोरेस क्रायसस घ्यावा: पिवळाधमक, १२ सेंमीपर्यंत वाढणारा, शांत. दुकानात त्याला येलो कोरिस म्हणतात, पण तो कोरिस नव्हे, आणि या नावाच्या घोळात माणूस फसतो. खऱ्या कोरिसचं पिल्लू गोजिरवाणं असतं, पण कोरिस गैमार्ड ४० सेंमीपर्यंत जातो आणि पांढऱ्या अंगावर दोन नारिंगी ठिपके मिरवणारा कोरिस आयगुला मीटरभराच्या पुढे. हॅलिकोरेसमधलाच मेलानुरस चपटकृमी आणि उपद्रवी बारीक गोगलगायी खातो, मात्र मोठा झाला की शोभेची लहान कोळंबीही सोडत नाही. सिक्स-लाइन आठ सेंमीचा, पण पक्का दांडगट. घ्यायचाच तर सगळ्यांत शेवटी. क्लीनर रॅस दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो आणि घरच्या टाकीत बहुतेकदा उपाशी मरतो. लेपर्ड देखणा, पण पहिल्या वर्षी नको. त्याला दिवसभर बारीक जिवंत खाद्य वेचायची सवय असते.

फेअरी आणि फ्लॅशरमध्ये एक नर आणि दोन-तीन माद्या घेतो. एकटा नर हळूहळू फिका पडतो. हे मासे मादीचे नर होतात, त्यामुळे नुसत्या माद्या आणल्या तरी थोराड मादी पुढं नर होते.

दुकानात खाऊ घालून दाखवायला सांगतो. पोट खपाटीला गेलेलं किंवा डोक्यामागं खळगा पडलेला मासा घेत नाही. वाळूत झोपणारा मासा नुसत्या काचेच्या टाकीत ठेवला असेल तर ओठ आणि हनुवटी निरखून बघायची: रात्री काचेत शिरायचा प्रयत्न करून तोंड सोललेलं असतं आणि मग तो खात नाही. फेअरी शेपूट वर किंवा खाली करून धडपडत पोहत असेल तर खोल पाण्यातून घाईनं वर आणल्यामुळे त्याची हवेची पिशवी बिघडलेली असते.

मासा आणलेली पिशवी उघडल्यावर तिच्यात तासभर टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडायची पद्धत मी सोडली. पिशवीतला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. त्याऐवजी क्वारंटाइनच्या पाण्याची क्षारता आधीच दुकानातल्या पाण्याइतकी करून ठेवतो. काही ठिकाणी ती विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०१९ इतकी कमी असते. तापमान जुळलं की मासा लगेच सोडायचा, नंतर रोज ०.००१ ते ०.००२ वाढवत १.०२५ वर न्यायचं.

क्वारंटाइन ६५ लिटरचं, मुदत ३० दिवस. तळ मोकळा, लपायला पीव्हीसी पाइपाचे एल्बो, उपयोगी जिवाणू रुजलेला मुरलेला स्पंज फिल्टर. वाळूत झोपणाऱ्यासाठी प्लॅस्टिकच्या डब्यात ५ सेंमी सिलिका वाळू. इथं प्रवाळाची वाळू चालत नाही, ती परजीवींवरच्या औषधातलं तांबं शोषून घेते आणि औषधाची मात्रा घसरत राहते. चिलेटेड तांबं २ ते २.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत नेतो, पण चार-पाच दिवसांत हळूहळू. एकदम पूर्ण मात्रा दिली की रॅस खाणं सोडतो. आयनिक या दुसऱ्या प्रकारच्या तांब्याची मात्रा याच्या साधारण एक पंचमांश असते, तेव्हा बाटली कोणती आणि टेस्ट किट कोणत्या तांब्यासाठी, हे दोनदा वाचा. अंगावरच्या चपटकृमींसाठी प्राझिक्वान्टेल २.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, आठवड्यानं पुन्हा. त्या काळात पाण्यातला ऑक्सिजन घटू शकतो, म्हणून एअर स्टोन हवाच. काही रॅसना हे औषध सोसत नाही. मासा आडवा पडून धापा टाकू लागला तर लगेच पाणी बदलायचं.

तिन्ही प्रकार ठेवायचे असतील तर मुख्य टाकीत आधी फ्लॅशर, मग फेअरी, त्यानंतर हॅलिकोरेस. प्रत्येकाला तीन ते पाच दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात टाकीतच ठेवतो, म्हणजे जुने मासे काचेआडून दमदाटी करून दमतात. हॅलिकोरेसच्या डब्यात वाळूची वाटी.

सुटल्यावर हॅलिकोरेस दोन ते पाच दिवस, कधी आठवडाभर वाळूबाहेर येत नाही. शोधायला वाळू उकरायची नाही. मासा आत मेला असेल तर अमोनिया वाढतो; तो शून्य दाखवत असेल तर धीर धरा. बालीकडून आलेला मासा तिथल्या घड्याळानं चालतो. तिथला सूर्यास्त म्हणजे आपले दुपारचे पावणेचार, त्यामुळे पहिले काही दिवस तो संध्याकाळच्या खाण्याला हजर नसतो. सकाळी लवकर खाणं टाकून बघा.

खाणं दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी मिनिटभरात संपेल एवढंच: गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी, ताजा जवळा धुऊन गोठवून. सुका जवळा नको.

वाळू सायफननं साफ करायची ती दिवसा, एका वेळी पाव भाग. दिवे गेल्यावर पाइप वाळूत घातला तर आत झोपलेला मासा ओढला जातो. सकाळी पाण्यात तरंगणारा पातळ पापुद्रा दिसला तर तो फेअरीनं टाकलेला रात्रीचा कोष असतो, रोगाचं लक्षण नव्हे. जाळीनं काढून टाका, नाहीतर पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतो.