फायबर तुटलं तरी घरचं नेट चालू: आमच्या नाशिकच्या घरात लावलेली सोय

२०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू झाल्यापासून शहरात कुठे ना कुठे रस्ता उकरलेला असतोच. इंदिरानगरात आमच्याकडे पावसाळ्यात फायबर वरचेवर तुटायला लागलं. भिंतीवरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकला, की समजायचं फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही. जोडणारा माणूस येईपर्यंत थांबायचं.

बायको संध्याकाळी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मी घरी असलो तर फोनचा हॉटस्पॉट लावून देतो, पण मी नसतो तेव्हा तिने वर्ग घ्यायचा की वायफाय शोधत बसायचं? त्यात आईचा गुडघ्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल असतो. म्हणून ठरवलं, की फायबर गेलं की आपोआप मोबाइलच्या सिमवर जाणारा राउटर लावायचा; नेट गेल्यावर घरातल्या कोणालाही बटण दाबायची वेळ येता कामा नये.

आधी विजेचं बघितलं. लाइट गेली की राउटर बंद, मग सिम असूनही काय फायदा! फायबरचा डबा आणि राउटर, दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस पुरले. घेताना अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्यावेत.

सिम मुद्दाम वेगळ्या कंपनीचं घेतलं. ज्या कंपनीचं फायबर तिचंच सिम असेल, तर एकाच बिघाडात दोन्ही जाण्याची भीती राहते. आणि अमर्याद ५जीच्या जाहिरातीवर जाऊ नका. ४जी राउटरमध्ये ते सिम घातलं, तर रोजची ठरलेली मर्यादाच लागू होते.

खरा वेळ गेला तो रेंज शोधण्यात. फोनवरच्या दांड्यांवर माझा विश्वास नाही. आरएसआरपी, म्हणजे मोबाइल सिग्नल किती जोरात येतोय, हा आकडा दाखवणारं मोफत अॅप घेतलं आणि घरभर फिरलो. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. हॉलमध्ये, जिथे फायबरचा डबा आहे, तिथे उणे ११२. मागच्या खोलीच्या खिडकीत उणे ८८. एकाच घरात एवढा फरक! स्लॅब आणि भिंती सिग्नल खातात, त्यातही २३०० मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीचा जास्त, ८५० चा कमी. मग हॉलपासून त्या खिडकीपर्यंत नेटवर्क केबल ओढली आणि सिमचा राउटर तिथेच ठेवला.

राउटर घेतला तो सिमचा खण आणि वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटची केबल लावायची जागा, दोन्ही असलेला. दुकानात हे स्पष्ट विचारावं लागतं, कारण नुसता सिमवर चालणारा डबाही तशाच खोक्यात येतो. फायबरच्या डब्यातून आलेली केबल वॅनमध्ये लावली आणि सेटिंगमध्ये पहिली पसंती केबलला, दुसरी सिमला दिली. दोन्ही डब्यांचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १९२.१६८.१.१ असल्यामुळे भांडण झालं असतं, म्हणून नव्याचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रस्त्यावर फायबर तुटलं तरी घरातला डबा चालूच असतो आणि आतली केबलही जोडलेलीच. राउटरला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तो सिमकडे वळतच नाही. म्हणून त्याने दर थोड्या वेळाने बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, जसं ८.८.८.८, पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून, बघायला हवं आणि उत्तर आलं नाही तर रस्ता बदलायला हवा. हा पर्याय राउटरमध्ये आहे का, ते पैसे देण्याआधीच दुकानदाराला दाखवायला सांगा. तो नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

डेटाचं गणितही करावं लागतं. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी जातो, आणि दिवसाचे दोन जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे व्हिडिओ कॉल चालणारच नाही. टीव्हीला मात्र आपण वायफायवरच आहोत असं वाटत राहतं, त्यामुळे तो एका सिनेमातच सगळं संपवेल. त्यावर मला सुचलेली युक्ती फार कामाची ठरली. फायबरच्या जुन्या डब्याचं वायफाय बंद न करता त्याचं नाव बदललं आणि टीव्ही व सगळे फोन त्यावर ठेवले. फायबर गेलं की टीव्ही थांबतो, फोन आपापल्या मोबाइल डेटावर जातात आणि सिम फक्त बायकोच्या लॅपटॉपसाठी आणि आईच्या टॅबसाठी उरतं. जुनं नाव आणि पासवर्ड नव्या राउटरला दिले, म्हणून त्या दोघींना काहीच बदलावं लागलं नाही.

तपासणी बायकोच्या संमतीने रिकाम्या वर्गात केली. डब्यातून फायबरची हिरवी पिन काढली. चित्र गोठलं, कॉल तुटला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत आपोआप परत जोडला गेला. पिन लावल्यावर राउटर स्वतःच फायबरवर आला. काढलेल्या पिनच्या टोकात डोळा घालून बघू नका आणि ते टोक बोटाने पुसूही नका.

ते सिम एरवी पडून राहतं, आणि ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. म्हणून वैधता कधी संपते ते आईच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, आणि दर महिन्याला एकदा मी मुद्दाम पिन काढून सिमवर थोडा वेळ नेट चालवतो.