ती टिक मी न वाचताच मारत होते

मी ज्या शास्त्रीय संस्थेची मेंबर आहे तिचं रिन्यूअल दरवर्षी येतं. फी भरायची, ईमेल तोच आहे का बघायचं आणि शेवटी एक चौकोन असतो, 'संस्थेची आचारसंहिता मी वाचली आहे व मला मान्य आहे'. टिक. पुढे. अकरा वर्षं मी ही टिक मारतेय आणि अकरा वर्षांत ती फाईल एकदाही उघडली नव्हती, म्हणजे प्रामाणिकपणाच्या नियमांना हो म्हणतानाच मी खोटं बोलत होते, तेही नेमाने. यंदा उघडली, कारण आमच्या ग्रुपमधल्या एका ज्युनियर मुलीने सरळ विचारलं, ताई, त्या दिवशी जे झालं त्याची संस्थेकडे तक्रार करता येते का? आणि मला उत्तर देता येईना.

झालं असं होतं की कॉन्फरन्समध्ये तिचं काम मांडलेल्या पोस्टरसमोर एक बडे प्रोफेसर उभे राहिले आणि दहा मिनिटं तिला झोडपत राहिले. कामावर टीका केली असती तर ठीक होतं, ती तर हवीच, पण 'तुला पीएचडीला घेतलं कोणी', 'तुमच्यासारख्यांनी हे करू नये' असलं. चार लोक ऐकत होते. मी दोन पोस्टर पलीकडे होते, मलाही सगळं ऐकू येत होतं. नंतर तिच्याशी जो तो तेच बोलला, अगं मनावर घेऊ नकोस, सरांचा स्वभावच तसा आहे.

स्वभाव. हा शब्द डोक्यात घेऊनच मी ती आचारसंहिता वाचली.

पहिली दोन पानं अपेक्षेप्रमाणेच होती. डेटा बनवू नका, डेटा वाकवू नका, दुसऱ्याचं लिखाण चोरू नका. अमेरिकेत सरकारने २००० साली संशोधनातल्या गैरवर्तनाची जी व्याख्या केली तीही ह्या तीन गोष्टींवरच उभी आहे, आणि त्यात एक शहाणपणाची ओळ आहे की प्रामाणिक चूक किंवा मतभेद म्हणजे गैरवर्तन नव्हे. हे मला फार आवडतं. चुकणाऱ्याला सोडायचं, फसवणाऱ्याला धरायचं. पण नीट बघा, तिन्ही गुन्हे आकड्यांशी नाहीतर शब्दांशी केलेले आहेत. माणसाशी काही केलं तर तो गुन्हा नाही, तो स्वभाव!

हे बदलायला बराच वेळ लागला. अमेरिकन जिओफिजिकल युनियन ह्या भूविज्ञानातल्या संस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये आपलं धोरण बदललं आणि लैंगिक छळ, भेदभाव, दादागिरी ह्यांना वैज्ञानिक गैरवर्तनातच टाकलं, म्हणजे आकडे बनवण्याच्या पंगतीत. त्यावर आक्षेप येतोच की अहो छळाने निष्कर्ष थोडाच खोटा ठरतो, तो गुन्हा असेल तर त्याला कायदा आहे, ऑफिस आहे, विज्ञानात कशाला आणता. मला पूर्वी हे पटायचं सुद्धा. आता पटत नाही, कारण ज्या लॅबमध्ये बॉससमोर तोंड उघडायची भीती आहे तिथे 'सर, ह्या ग्राफमध्ये काहीतरी गडबड आहे' हे कोण म्हणणार? आणि जी मुलगी वैतागून सोडून गेली तिने जे शोधलं असतं ते कुठल्याच पेपरात दिसत नाही, त्यामुळे ते गेलंय हे कळतही नाही. २०१८ मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमीजने विज्ञान-इंजिनियरिंग-मेडिकलमधल्या लैंगिक छळावर मोठा रिपोर्ट काढला, त्यातही भर ह्यावरच होता की इथे असलं खपतं असं लोकांना ज्या संस्थेत वाटतं तिथे ते जास्त होतं. म्हणजे स्वभाव नव्हे, वातावरण.

मग पेपरवर लेखक म्हणून कोणाचं नाव लावायचं तो भाग आला आणि मी जरा खुर्चीत सरकून बसले. कारण माझ्या पहिल्या पेपरवर एका विभागप्रमुखांचं नाव आहे ज्यांनी तो पेपर छापून आल्यावर मला विषय काय होता असं विचारलं होतं. मला तेव्हा राग सोडा, उलट बरंच वाटलं होतं, मोठं नाव लागलं म्हणून! फुकटच्या नावात देणाऱ्याला नि घेणाऱ्याला दोघांनाही गोड लागतं म्हणून तर ते टिकून आहे. पण नाव लावायचं म्हणजे जबाबदारीही घ्यायची ना. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक श्योन ह्या भौतिकशास्त्रज्ञाचं प्रकरण घ्या, पेपरवर पेपर, सगळे भारी जर्नलमध्ये, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमध्ये नॉईजसुद्धा हुबेहूब सारखा आहे. नॉईज! म्हणजे मोजमापातली आपोआप येणारी थरथर, जी दोनदा सारखी येऊच शकत नाही. २००२ मध्ये चौकशी समितीने २४ आरोप तपासले आणि १६ मध्ये गैरवर्तन झालं असं म्हटलं. को-ऑथर्सना मात्र निर्दोष ठरवलं, म्हणजे गैरवर्तन त्यांचं नव्हतं, पण मग इतक्या लोकांनी नाव लावताना बघितलं काय हा प्रश्न लटकतच राहिला. त्याच वर्षी अमेरिकन फिजिकल सोसायटीने आपल्या नियमावलीत को-ऑथर्सच्या जबाबदारीचा भाग घातला. प्रत्येकाने सगळं तपासायचं असं नाही, ते शक्यही नाही, पण आपण कशासाठी जबाबदार आहोत हे तरी सांगता आलं पाहिजे. मला माझ्या त्या विभागप्रमुखांच्या बाबतीत ते आजही सांगता येणार नाही.

बाकी रिव्ह्यूला आलेला पेपर गुप्त ठेवा, हितसंबंध असतील तर आधीच सांगा, वगैरे. ते ठीक आहे.

खरी गंमत शेवटच्या पानावर होती. तक्रार कुठे करायची? दीड ओळ: 'अध्यक्षांना लेखी कळवावे.' बस. अध्यक्ष पुढे काय करणार, किती दिवसांत, आणि तक्रार अध्यक्षांचीच असेल तर, काही नाही. आणि संस्था म्हणजे ना कोर्ट ना मालक, पगार थांबवू शकत नाही, जेलमध्ये टाकू शकत नाही, फार तर पुरस्कार काढून घेईल, कॉन्फरन्सला येऊ देणार नाही, मेंबरशिप रद्द करेल. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. त्यातही कित्येक ठिकाणी कुंपणाचं दारच नव्हतं. अमेरिकेची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस १८६३ ची, पण वाईट वागणुकीसाठी मेंबरला काढायची सोय तिच्या नियमांत २०१९ मध्ये आली, तोवर एकदा निवडून आलात की जन्मभर. २०२१ मध्ये लैंगिक छळाच्या प्रकरणात खगोलशास्त्रज्ञ जेफ्री मार्सी यांचं सभासदत्व त्यांनी रद्द केलं, ह्या नियमाखाली काढलेले ते पहिले. त्यांच्या विद्यापीठाने त्यांना दोषी धरलेलं २०१५ मध्येच बाहेर आलं होतं.

आणि न्याय करायला बसणार कोण? आपलेच दात आपलेच ओठ. कॅल्क्युलस आधी कोणी शोधलं ह्या भांडणात रॉयल सोसायटीने १७१२ मध्ये समिती नेमली, लाइबनिट्सच्या विरोधात निकाल दिला, आणि तो रिपोर्ट मुख्यतः लिहिला कोणी, तर खुद्द न्यूटनने, जो तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष होता! वर नंतर सोसायटीच्याच जर्नलमध्ये त्या रिपोर्टचं निनावी परीक्षणही त्यानेच लिहिलं. हितसंबंध जाहीर करा हा नियम कोणाला फार कागदी वाटला तर मी हे उदाहरण देते.

पण मला जास्त टोचतं ते मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसचं. पहिल्या महायुद्धात काही मानववंशशास्त्रज्ञांनी संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी केली, हे त्याने १९१९ मध्ये एका साप्ताहिकात पत्र लिहून उघड केलं. त्याने हेरांची नावंही घेतली नव्हती. तर अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनने काय करावं? हेर बाजूलाच, ठपका बोआसवर, २० विरुद्ध १० मतांनी. तो ठपका मागे घेतला २००५ मध्ये, तेव्हा त्याला जाऊन साठ वर्षं उलटली होती. म्हणून 'संस्थेची बदनामी होईल असे वर्तन करू नये' हे कलम आमच्याही संहितेत दिसलं तेव्हा मी तिथे पेन्सिलने मोठं प्रश्नचिन्ह काढलं, कारण हे कलम पहिलं कोणावर चालतं ते आपल्याला माहितीये.

सेक्रेटरींना मेल केला, तक्रारीचा भाग अपुरा आहे, बाहेरचा कोणी समितीवर असावा, मुदत असावी, तक्रार करणाऱ्यावर सूड उगवला तर तेही गैरवर्तन धरावं. उत्तर दोन दिवसांत आलं, सूचना उत्तम आहेत, मसुदा तुम्हीच करून द्या. हे व्हायचंच होतं.

त्या मुलीला मी सांगितलं की तक्रार करायची की नाही ते तू ठरव, मी ढकलणार नाही नि अडवणारही नाही, पण काय झालं ते आजच लिहून ठेव, तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण होतं. तिने रात्री मला ते पाठवलं. साक्षीदारांत तिसरं नाव माझं आहे. मग मीही माझा परिच्छेद लिहायला घेतला, काय ऐकलं, कुठे उभी होते, किती वेळ चाललं, हे सगळं भराभर लिहून झालं आणि 'त्यावर मी काय केलं' ह्या ओळीपाशी गेले तीन दिवस अडलेय.