घोटा दुखत नाही, मग स्पर्धेत उतरावे का?

डावा पाय मुरगळल्यापासून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘आता दुखतंय का?’ आणि त्याचे खरे उत्तर आता ‘नाही’ असे आहे. सूज उतरली आहे, लंगडणे थांबले आहे, जिना चढता-उतरता येतो आणि सरळ रेषेत धावताही येते. बॅडमिंटनची जी स्पर्धा तोंडावर आली आहे, तिच्यात एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही प्रकारांत माझे नाव दुखापतीच्या आधीच दिलेले होते. तरीही निर्णय घेताना दुखण्याचा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. घोटा मुरगळलेल्या बहुतेक खेळाडूंचा निर्णय याच एका उत्तरावर होतो आणि ते उत्तर अपुरे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पाऊल आतल्या बाजूला वळून मुरगळते, तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, ताणले जातात किंवा फाटतात. बाहेरच्या घोट्याच्या हाडाला पुढच्या बाजूने टॅलस या हाडाशी जोडणारा आखूड अस्थिबंध सर्वांत जास्त वेळा दुखावतो आणि धक्का मोठा असेल, तर त्याच्या खालचा, टाचेच्या हाडापर्यंत जाणारा अस्थिबंधही दुखावतो. हे तंतू हाडे बांधून ठेवतातच, शिवाय सांधा या क्षणी कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकेही त्यांच्यात असतात. पाऊल आत वळू लागताच त्याला बाहेर खेचण्याचे काम नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. ती खबर धूसर झाली किंवा हे स्नायू अशक्त झाले, तर चुकीच्या कोनात पडलेले पाऊल सावरायला उशीर होतो. वेदना अनेकदा काही आठवड्यांत ओसरते, अस्थिबंधाची पुनर्बांधणी मात्र कित्येक महिने चालू राहते आणि तोल सावरण्याची सवय मुद्दाम कमावल्याशिवाय पूर्ण परत येत नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढलेली असते, ती याच मधल्या काळात दुर्लक्ष झाल्यामुळे, आणि बऱ्याच जणांचा घोटा पुढे वर्षानुवर्षे ‘सुटल्यासारखा’ वाटत राहतो.

अर्थात हे सगळे हाड शाबूत आहे, हे गृहीत धरून. त्यासाठी डॉक्टर ज्या ‘ओटावा नियमां’चा आधार घेतात, ते १९९२ मध्ये कॅनडात मांडले गेले: घोट्याच्या हाडांच्या खालच्या ६ सेंटिमीटर भागात मागच्या कडेला किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या मधल्या भागासाठीही असेच निकष आहेत. नडगीच्या दोन हाडांना घोट्याच्या वर बांधणारा अस्थिबंध दुखावला असेल, तर बरे व्हायला बराच जास्त काळ लागतो, त्यामुळे दुखापत नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय स्पर्धेची तारीख डोळ्यांसमोर ठेवण्यात अर्थ नाही.

घोटा मुरगळल्यानंतर खेळाकडे परतण्यासाठी २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सहमतीने पाच अंगे सुचवली. वेदना हे त्यांतले एक. उरलेली चार म्हणजे घोट्याची हालचाल व ताकद, तोल व स्नायूंचे नियंत्रण, प्रत्यक्ष खेळातील हालचाली आणि खेळाडूला स्वतःला वाटणारा भरवसा. हा शेवटचा मुद्दा यादीत आहे, याचे मला विशेष समाधान वाटले, कारण ‘मनातली भीती काढून टाक’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. प्रत्यक्षात ती भीती पुष्कळदा शरीराने दिलेली अचूक माहिती असते.

माझ्या फिजिओथेरपिस्टने चाचण्या घेतल्या, त्या अगदी साध्या होत्या. पहिलीत भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते पाहायचे. डावा अंगठा उजव्यापेक्षा दोन बोटे अलीकडेच अडला. म्हणजे पुढे झेप घेऊन नेटजवळचे शटल उचलताना माझा घोटा पूर्ण वाकणार नव्हता आणि तो भार गुडघ्यावर किंवा कमरेवर जाणार होता. एका पायावर चवडे उचलण्याच्या चाचणीत डावी पोटरी आधी थकली. खरा खुलासा मात्र जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून एका पायाने आडव्या उड्या मारताना झाला. त्याचे मोबाइलवरचे चित्रीकरण मी हळू गतीने पाहिले: उजवा पाय टेकला की तिथेच थांबत होता, डावा टेकल्यावर बोटे जमीन धरून ठेवण्यासाठी वळत होती, पावलाची बाहेरची कड किंचित उचलली जात होती आणि गुडघा आत झुकत होता. वेदना मात्र यातल्या एकाही उडीत नव्हती! बॅडमिंटनमध्ये हीच हालचाल शेकडो वेळा, दमलेल्या अवस्थेत आणि नजर शटलवर खिळलेली असताना करावी लागते, म्हणून सरळ रेषेत धावता येण्याला माझ्या निर्णयात फारसे वजन उरले नाही. वेदनाशामक गोळी घेऊन या चाचण्या देऊ नयेत, हेही तिने बजावले होते, आणि ते योग्यच आहे. गोळीने जे झाकले जाते, तेच तर पाहायचे असते.

शरीराची तयारी हा मात्र निर्णयाचा अर्धाच भाग झाला. क्रीडावैद्यकात ‘स्टार्ट’ (StARRT) नावाची एक चौकट वापरतात: आधी दुखावलेल्या ऊतींची अवस्था पाहायची, मग त्या खेळाचा त्यांच्यावर पडणारा ताण पाहायचा आणि शेवटी त्या खेळाडूने, त्या वेळी, किती धोका पत्करणे वाजवी आहे हे ठरवायचे. हा तिसरा टप्पा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण एकाच घोट्यासाठी दोन स्पर्धांची उत्तरे वेगळी असू शकतात, हे तो उघडपणे मान्य करतो. पी. व्ही. सिंधूने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपासून दुखत असलेल्या डाव्या पायाने खेळून एकेरीचे सुवर्णपदक जिंकले. २०१४ चे कांस्य आणि २०१८ चे रौप्य तिच्याकडे होते. सुवर्णच राहिले होते. नंतर त्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, निघाले, त्याच महिन्यातली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली आणि ती थेट जानेवारी २०२३ मध्ये परतली. तिचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, पण त्याची किंमत तिने मोजली आणि ती मोजण्याइतके मोल त्या पदकाला होते.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील अमेरिकन जिम्नॅस्ट केरी स्ट्रगची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. पहिल्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन उपकरणावरून घेतलेल्या उडीत, तिचा डावा घोटा दुखावला. संघाचे सुवर्ण निश्चित नाही, अशा समजुतीने ती दुसऱ्यांदा धावली, दोन्ही पायांवर उतरली आणि क्षणात एक पाय उचलून कोसळली. गुणांची बेरीज झाल्यावर दिसले की त्या दुसऱ्या उडीविनाही अमेरिकेने सुवर्ण जिंकले असते. सर्व उपकरणांवरच्या वैयक्तिक (ऑल-अराउंड) अंतिम फेरीला मात्र तिला मुकावे लागले. अठरा वर्षांच्या मुलीने, भर मैदानात, काही सेकंदांत घेतलेल्या त्या निर्णयाचे कौतुक करणाऱ्यांनी तो निर्णय तिच्यावर त्या क्षणी का पडावा, हाही प्रश्न विचारायला हवा होता. म्हणूनच असे निकष सामन्याच्या दिवसाआधी, शांतपणे आणि प्रशिक्षकाखेरीज आणखी कोणाच्या तरी साक्षीने ठरवलेले असावेत, असे मला मनापासून वाटते.

माझ्यासमोरच्या स्पर्धेला असे मोल नाही. ती पुढच्या वर्षीही होईल. मन अडकले ते दुहेरीत. जोडीदाराला ऐन वेळी सोडणे मला लाजिरवाणे वाटत होते, आणि ब्रेस, म्हणजे घोट्याला घट्ट आधार देणारे आवरण, घालून खेळावे असेही वाटून गेले. ब्रेस किंवा टेपिंगमुळे पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो, हे खरे आहे आणि परतल्यावर मी ब्रेस वापरणारच आहे. परंतु आडव्या उडीनंतर न थांबणाऱ्या पायाची भरपाई ब्रेसची लेस घट्ट बांधून होत नाही. अर्ध्या कोर्टात मी कचरत खेळले असते, तर माझ्या वाट्याचे शटलही तिलाच धावून घ्यावे लागले असते. मी हे तिच्यासमोर मांडले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, मला आधीच सांगितलंस तर मी दुसरी कुणीतरी शोधते, दुसऱ्या गेममध्ये सांगितलंस तर मी काय करू?”

मी दोन्ही प्रकारांतून नाव मागे घेतले आहे. एका पायावर डोळे मिटून उभे राहणे, रबरी पट्ट्याने पाऊल बाहेर ओढणे आणि अचानक दिलेल्या इशाऱ्यावर दिशा बदलणे हा सराव सुरू आहे, आणि परतण्याची तारीख आम्ही लिहिलेली नाही. दोन्ही पायांच्या आडव्या उड्या सारख्या दिसू लागल्या आणि त्यानंतर पूर्ण जोराचे सराव सामने सूज न येता पार पडले की पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरायचा, एवढेच ठरले आहे.